सडकेवरची राणी, मातीतली नवशिकी!

डांबरी रस्त्यावर वाऱ्याशी स्पर्धा करणारी सायकलपटू डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटेवर आली की काय होतं? जगज्जेतेपदाचा मान मिरवणाऱ्यांनाही इथे पहिल्या इयत्तेत बसावं लागतं. काही जणी त्यातून तावून सुलाखून निघाल्या, काहींनी वेळीच माघार घेतली. त्या सगळ्यांचीच ही गोष्ट...

सायकल ती सायकल! दोन चाकं, एक हँडल, एक सीट आणि पाय मारायचे. त्यात आणखी वेगळं ते काय? आपल्यापैकी बहुतेकींना असंच वाटतं. पण सायकलींच्या शर्यतींच्या जगात डोकावलं, तर तिथे दोन वेगळी गावं वसलेली दिसतात. एक गाव डांबरी सडकेचं, म्हणजे ‘रोड रेसिंग’चं. दुसरं माती, दगड, मुळं आणि चिखलाचं, म्हणजेच ‘माउंटन बायकिंग’चं. एका गावातली राणी दुसऱ्या गावात गेली, की तिला कुणी मुजरा करत नाही. शर्यतीत उभं राहण्याची जागासुद्धा मागच्या रांगेत मिळते!

असं का, ते समजून घ्यायचं तर आधी दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या करून बघू या. रोड सायकलचा टायर जेमतेम २५ ते २८ मिलिमीटर रुंद, म्हणजे आपल्या अंगठ्यापेक्षा थोडा जास्त. त्यात हवा ठासून भरलेली, ८० पाऊंडांच्या आसपास. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. माउंटन बाइकचा टायर सव्वादोन इंच रुंद, गाठीगाठींचा, आणि त्यात हवा अवघी २० ते २५ पाऊंड. आपल्याला वाटेल, चाक पंक्चर आहे की काय! पण मऊ टायर दगडावरून उडत नाही, दगडाला कवेत घेतो. त्याची पकडही सुटत नाही. हँडल सरळ आणि लांब, पुढे मोटरसायकलसारखे शॉकअप, आणि गिअर इतके हलके की भिंतीसारखा चढही बसल्या बसल्या चढता यावा.

हे झालं यंत्राचं. खरा फरक आहे तो शर्यतीच्या रीतीत. रस्त्यावरची शर्यत म्हणजे वारीसारखी. शे-दीडशे जणींचा घोळका एकत्र जातो. पुढची वारा अंगावर घेते, मागची तिच्या आडोशाने जाते आणि तिची एक तृतीयांशाच्या आसपास ताकद वाचते. संघातल्या मैत्रिणी पाणी आणून देतात, चाक पंक्चर झालं तर मागून गाडी येते. चार-चार तास चालणारा हा पट आहे. कधी लपायचं आणि कधी झेप घ्यायची, यावर जिंकणं-हरणं ठरतं.

डोंगरातली शर्यत साधारण दीड तासाची. चार ते सहा किलोमीटरचा एक फेरा, आणि असे अनेक फेरे. इथे आडोसा नाही, संघाचा आधार नाही. ठरवून दिलेली जागा सोडली तर बाहेरून मदत घ्यायची नाही. वाटेत चेन तुटली, तर ती जागा येईपर्यंत सायकल खांद्यावर घेऊन पळायचं! आणि शिट्टी वाजल्या वाजल्या जीव खाऊन पुढे सुटायचं. का? तर थोड्याच अंतरावर वाट इतकी अरुंद होते, की पुढचीला ओलांडायला जागाच उरत नाही. रोडवर पहिला तास गप्पा मारत काढणाऱ्या सायकलपटूला इथे पहिल्या दोन मिनिटांतच धाप लागते.

मोडक्या सायकलींचा खेळ

या खेळाचा जन्मही मजेशीर आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात काही तरुण मंडळी भंगारात निघालेल्या जुन्या जाडजूड सायकली डोंगरावर न्यायची आणि कच्च्या वाटेने सुसाट खाली सोडायची. १९७६ मध्ये त्यांनी याची रीतसर शर्यतच लावली. तिचं नाव ‘रिपॅक’. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि दर खेपेनंतर ते नव्याने भरावं लागायचं. म्हणून हे नाव! त्या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक तरुणीही होती. ती या वाटांवर सायकल चालवायची आणि कॅमेरा घेऊन फोटोही काढायची. त्या काळाचे जे फोटो आज जग बघतं, त्यातले कितीतरी तिचेच.

या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगो गावी झाली. महिलांमध्ये जिंकली ज्युली फुर्टाडो. आणि ही ज्युली आली होती कुठून? रस्त्यावरून! त्याआधी ती अमेरिकेच्या संघातून बर्फावरचं स्कीइंग करायची. गुडघ्यांनी दगा दिला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, आणि स्कीइंग सुटलं. गुडघा बरा करण्यासाठी सायकल हाती आली. ती चालवता चालवता १९८९ मध्ये बाई चक्क अमेरिकेची रोड रेसची विजेती झाली. आणि पुढच्याच वर्षी डोंगरातली जगज्जेती!

तिला हे इतक्या लवकर कसं जमलं? पायांत ताकद रोडने भरली होतीच. पण उतारावर वेगाची भीती न बाळगता, गुडघे सैल सोडून, नजर पुढे ठेवून जायचं शिक्षण तिला बर्फाने आधीच दिलं होतं. १९९२ मध्ये तर तिने निव्वळ उताराच्या शर्यतीतही जागतिक सुवर्ण मिळवलं. पुढे तिचं शरीर सतत थकू लागलं. ल्युपस हा आजार असल्याचं निदान झालं आणि ऐन बहरात तिला शर्यती सोडाव्या लागल्या. पण सायकल तिने सोडली नाही. नंतर ती बायकांसाठीच्या माउंटन बाइक बनवण्याच्या कामात रमली.

कॅनडाची अॅलिसन सिडॉर हीसुद्धा रस्त्यावरूनच आलेली. १९९१ मध्ये तिला रोडच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळालं. मग १९९४, ९५ आणि ९६ अशी सलग तीन वर्षं ती डोंगरातली जगज्जेती होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बायकिंगचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा रौप्यपदक तिचंच होतं. फ्रान्सची जॅनी लोंगो ही तर रोड सायकलिंगमधली दंतकथाच. तिनेही १९९३ मध्ये डोंगरात उतरून जागतिक रौप्य मिळवलं. तेव्हा ती चौतिशीत होती.

विसरायचं काय, शिकायचं काय?

रोडवरच्या सायकलपटूला डोंगरात नवं शिकण्याआधी जुनं विसरावं लागतं. आणि मैत्रिणींनो, तुम्हाला तर ठाऊकच आहे, नवं शिकण्यापेक्षा अंगवळणी पडलेलं विसरणं कठीण!

पहिली गोष्ट, बसण्याची. रस्त्यावर सीटवर बसून राहिलात तरी चालतं. खडकाळ उतारावर मात्र सीट सोडून उभं राहायचं. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपरं वाकलेली, कंबर थोडी मागे. सायकलने हवं तितकं खाली नाचावं, आपण वर शांत राहायचं. डोक्यावर हंडा घेऊन ओबडधोबड वाटेने जाणाऱ्या बाईची चाल आठवून बघा. खाली पाय कसेही पडोत, वर हंडा डुचमळत नाही. तेच तत्त्व!

दुसरी गोष्ट, चढाची. रोडवर चढ आला की उभं राहून पॅडल मारायची सवय असते. इथे सुट्या मुरमावर तसं उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि चाक जागच्या जागी गरगरतं. म्हणून सीटच्या टोकावर बसायचं, छाती हँडलकडे झुकवायची आणि दमाने पाय मारत राहायचं.

तिसरी, ब्रेकची. वळणात ब्रेक दाबला की सुट्या मातीवर चाक घसरलंच समजा. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा आणि वळणात ब्रेक मोकळा सोडायचा. पुढचा ब्रेक एकदम आवळला तर माणूस हँडलवरून पलीकडे!

आणि चौथी, सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे नजर. ज्या दगडाची भीती वाटते, त्याच्याकडेच आपण टक लावून बघतो. आणि सायकल जाते नेमकी तिथेच, कारण जिकडे डोळे तिकडे खांदे आणि जिकडे खांदे तिकडे चाक. म्हणून दगडाकडे नाही, दगडाशेजारच्या वाटेकडे बघायचं. हे वाक्य सायकलबाहेरही उपयोगी पडावं असं आहे, नाही का?

शर्यतीच्या आधी खेळाडू हा सगळा मार्ग चालून बघतात, सराव करतात. प्रत्येक दगड, प्रत्येक मूळ डोक्यात बसवतात. अवघड जागी बहुधा दोन वाटा असतात. एक थेट खडकावरून उडी घेणारी, झटपट पण धोक्याची. दुसरी वळसा घालणारी, काही सेकंद जास्त खाणारी, पण सुखरूप. कुठली घ्यायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. वळशाची वाट घेतली म्हणून कुणी नाव ठेवत नाही. उलट दमलेल्या अंगाने, शेवटच्या फेऱ्यात थेट वाट घेण्याचा हट्ट धरणारे तोंडघशी पडतात.

पाठांतर पक्कं असूनही घात होतोच. टोकियो ऑलिम्पिकमध्ये (जे २०२१ मध्ये झालं) नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हॅन डर पूल हा रोडवरचा मोठा खेळाडू पहिल्याच फेरीत एका खडकावरून जोरात आपटला. सरावाच्या वेळी तिथे उतरायला एक फळी होती. शर्यतीत ती असणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं!

सगळ्यांनाच जमतं असं नाही

असे अनुभव अनेकांचे आहेत. पीटर सागान हा स्लोव्हाकियाचा खेळाडू रोडचा जगज्जेता. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्याने रोड सोडून माउंटन बाइकची शर्यत निवडली. या खेळातले गुण गाठीशी नसल्यामुळे त्याला अगदी मागे उभं राहावं लागलं. तिथून तो वाऱ्यासारखा आघाडीच्या खेळाडूंपर्यंत पोचला. लोक थक्क! पण मग चाक पंक्चर झालं, आणि शेवटी क्रमांक लागला पस्तिसावा. पाय जगज्जेत्याचे असले तरी खडकावरून चाक अलगद न्यायचं कसब वर्षानुवर्षांच्या सरावानेच येतं.

नेदरलँड्सच्या मारियान व्हॉसची कथा तर अधिक विचार करायला लावणारी. २००८ मध्ये बीजिंगला ट्रॅकवर आणि २०१२ मध्ये लंडनला रस्त्यावर अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं तिच्या नावावर. पुढचं ध्येय ठरलं रिओमधली माउंटन बाइक. तिने शर्यतीही जिंकल्या. पण एकाच वेळी किती दगडांवर पाय ठेवणार? २०१५ चं जवळजवळ सगळं वर्ष दुखापतींनी आणि थकव्याने खाल्लं. रिओला ती फक्त रोड शर्यतीत उतरली. डोंगराचं स्वप्न राहिलं, पण बाई संपली नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी तिने रोडचं रौप्यपदक गळ्यात घातलं. एखादी गोष्ट करून बघणं आणि ती आपली नाही हे ओळखून परत येणं, यात कसला आलाय पराभव?

तिचीच देशभगिनी अॅना व्हॅन डर ब्रेगन हिने वेगळी वाट काढली. रिओची रोड सुवर्णविजेती आणि २०१८ ची जगज्जेती असलेली अॅना २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ‘केप एपिक’ या शर्यतीत उतरली. आठ दिवस डोंगरदऱ्यांतून जोडीने सायकल चालवायची, आणि दोघींमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, असा तिथला नियम. अॅनाची जोडीदार होती डेन्मार्कची आनिका लांगवाड, माउंटन बाइकमधली मुरलेली जगज्जेती. अवघड उतारावर पुढे आनिका, तिच्या चाकाच्या रेषेवर अॅना. दोघींनी ती शर्यत जिंकली! नव्या गोष्टीत जाणत्या बाईच्या मागे चालण्यात कमीपणा नसतो, हे ऑलिम्पिक विजेतीकडून शिकावं.

पोलिनची गोष्ट

आणि आता पोलिन. पूर्ण नाव पोलिन फेराँ-प्रेव्हो. फ्रान्समधल्या रँस शहरात १९९२ मध्ये जन्मलेली. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये ती रोडची जगज्जेती झाली. २०१५ च्या सुरुवातीला सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखलातल्या शर्यतीची. आणि त्याच सप्टेंबरमध्ये माउंटन बाइकची! तिन्ही किताब एकाच वेळी एकाच व्यक्तीकडे असण्याची ही पहिलीच वेळ होती. पुरुषांतही हे कुणाला जमलं नव्हतं. वय अवघं २३ वर्षं.

इथेच गोष्ट संपली असती, तर ती परीकथा झाली असती. पण पुढची वर्षं कसोटीची निघाली. दुखापत, सायटिका, आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकची शर्यत अर्धवट सोडावी लागली. मनानेही आपण खचलो होतो, हे तिने नंतर उघडपणे सांगितलं. पायात ताकद येत नव्हती. जोर लावला की पाय बधिर व्हायचा. शेवटी कारण सापडलं. पायाकडे रक्त नेणारी धमनी आतून अरुंद झाली होती. वर्षानुवर्षं वाकून बसायचं आणि लाखो वेळा मांडी वर-खाली करायची, यामुळे सायकलपटूंना जडणारा हा विकार. २०१९ च्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ती पुन्हा माउंटन बाइकची जगज्जेती झाली! त्रास परत उद्भवला, पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि २०२० मध्ये पुन्हा जगज्जेतेपद. मग २०२२ आणि २०२३ मध्येही.

फक्त ऑलिम्पिक पदक तेवढं हुलकावणी देत होतं. टोकियोत ती सुरुवातीला आघाडीवर होती, पण चिकट ओल्या खडकांवर गाडं घसरलं आणि क्रमांक आला दहावा. तिथे जिंकली स्वित्झर्लंडची योलांडा नेफ. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सरावात पडून जिची प्लीहा फाटली होती आणि फुप्फुसाला इजा झाली होती, तीच ही योलांडा.

२८ जुलै २०२४. पॅरिसजवळची एलांकूरची टेकडी. ‘ही आपली शेवटची माउंटन बाइक मोहीम, यानंतर रस्त्यावर परतायचं’ असं पोलिनने आधीच ठरवून टाकलेलं. त्या दिवशी तिने दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला जवळजवळ तीन मिनिटं मागे टाकलं आणि सुवर्णपदक घेतलं.

मग ठरल्याप्रमाणे ती रस्त्यावर आली. बरीच वर्षं डोंगरात काढलेल्या, तिशी ओलांडलेल्या बाईला रोडवर कितपत जमेल, ही शंका अनेकांना होती. एप्रिल २०२५ मध्ये तिने ‘पॅरिस-रूबे’ जिंकली. ही शर्यत जुन्या दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून जाते आणि भल्याभल्यांची हाडं खिळखिळी करते. डोंगरात तावून निघालेल्या हातांना तिथे घाबरायचं कारण नव्हतं. आणि ऑगस्टमध्ये, नऊ दिवसांच्या महिलांच्या ‘टूर द फ्रान्स’चे शेवटचे दोन्ही टप्पे जिंकून तिने पिवळी जर्सी घरी नेली. पुरुषांची टूर त्याआधी फ्रेंच खेळाडूने शेवटची जिंकली होती ती १९८५ मध्ये, म्हणजे त्याच्या ४० वर्षं आधी. त्या देशात केवढा जल्लोष झाला असेल!

त्या विजयानंतर तिच्या वजनावर मात्र चर्चा झडली. टूरच्या डोंगरांसाठी तिने काही किलो वजन उतरवलं होतं. कोवळ्या मुलींनी याचं अनुकरण केलं तर, असा प्रश्न विचारला गेला. हे वजन वर्षभर टिकवण्यासारखं नाही, असं पोलिननेही मान्य केलं. हा प्रश्न आपल्या घरातल्या मुलींनाही लागू पडतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. खेळणाऱ्या मुलीला पोटभर जेवण लागतं. पाळी अनियमित झाली, सतत थकवा येऊ लागला, तर ते शाबासकीचं लक्षण नाही, डॉक्टरांकडे जायचं लक्षण आहे.

आपल्या गावात...

‘हे सगळं तिकडे परदेशात, आमच्या तालुक्याला काय त्याचं?’ असं म्हणाल, तर संगमनेरच्या प्रणिता सोमणचं नाव ऐका. मोठ्या शहरातली नव्हे, तालुक्याच्या गावची मुलगी. तिने राष्ट्रीय स्पर्धांमध्ये माउंटन बाइकवर महाराष्ट्राला पदकं मिळवून दिली आहेत.

आणि खरं सांगायचं तर या खेळाला लागणारं मैदान शहरांपेक्षा आपल्याकडेच जास्त आहे. मुरमाचे रस्ते, बांधावरच्या पायवाटा, गावामागची टेकडी, कोरडा ओढा. कमी आहे ती एकाच गोष्टीची. लहानपणापासून मुलाला ‘पडलास तर ऊठ’ म्हणतात, आणि मुलीला ‘पडशील गं, हळू!’ हा ‘हळू’ आपल्या हातांत इतका मुरतो, की उतार दिसला की दोन्ही ब्रेक आपोआप आवळले जातात. डोंगरातली सायकल शिकवते ती नेमकी हीच गाठ सोडवायला. पडणं टाळायचंच आहे. पण कसं पडायचं, कधी उतरून चालायचं आणि कधी ब्रेक सोडायचा, हे ठरवणं आपल्या हाती आहे.

चौकट : करून बघायचंय?

- लगेच महागडी सायकल घेऊ नका. ओळखीत कुणाकडे जाड टायरची, गिअरची सायकल असेल तर चार दिवस मागून घ्या.
- हेल्मेट आणि हातमोजे हवेतच. पडताना आपण आधी हात टेकतो. ओढणी आणि सैल सलवार चेनमध्ये अडकते, म्हणून घट्ट पायांची पँट घाला.
- मातीत जाताना टायरमधली हवा थोडी कमी करा. पण साधी ट्यूब असेल तर फार कमी नको, दगडावर आपटून पंक्चर होते.
- उतारावर जाण्याआधी सीट दोन-तीन बोटं खाली घ्या. कंबर मागे न्यायला जागा मिळते.
- नवी वाट आधी पायी चालून बघा. पहिल्यांदा चढा, मग उतरा.
- ब्रेकवर एक किंवा दोनच बोटं ठेवा, बाकीच्या बोटांनी हँडल धरा.
- पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आणि ओली मुळं टाळा.
- एकटीने आडवाटेला जाऊ नका. दोघी-तिघी मिळून जा, घरी वाट आणि वेळ सांगून जा. पंप, पंक्चरचं सामान आणि पाणी सोबत हवंच.
- बाळंतपण, शस्त्रक्रिया, गुडघा किंवा पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

रोजच्या डांबरी रस्त्यावर आपण सगळ्याच पटाईत असतो. कुठे खड्डा, कुठे वळण, डोळे मिटून ठाऊक. पण कधीतरी त्या रस्त्याच्या कडेला फुटलेल्या पायवाटेवरही चाक घालून बघायला काय हरकत आहे? जमलं तर डोंगर आपला. नाही जमलं, तर रस्ता कुठे पळून जातोय!